दिवाळीसाठी स्विमिंग पूल उपसण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की अलिबाग, कर्जत, लोणावळा, पाचगणी या भागांतल्या बंगल्यांवर दरवर्षी एकच घाई दिसते. चार महिने दुर्लक्षित राहिलेल्या स्विमिंग पुलाच्या कडेच्या दोन-चार टाइल्स सुटलेल्या असतात, तळाच्या मोझेकचा एखादा तुकडा उखडलेला असतो आणि दिवाळीचे पाहुणे आठ दिवसांवर आलेले असतात. मग दोन एचपीचा पंप लावून एका दिवसात सगळे पाणी उपसले जाते, मिस्त्री पांढऱ्या सिमेंटने टाइल्स चिकटवतो आणि तिसऱ्या दिवशी तलाव पुन्हा भरला जातो. यातला पंप चुकीच्या महिन्यात लागतो, पांढरे सिमेंट चुकीच्या जागी लागते आणि पाणी फार लवकर भरले जाते. तलावांची बांधणी व दुरुस्ती करणाऱ्या आम्हा मंडळींना पहिल्या चुकीची सर्वांत जास्त धास्ती वाटते, म्हणून हे पत्र दिवाळीच्या आधी छापले जावे ही विनंती.

तलावातले पाणी टाकीला, म्हणजे तलावाच्या काँक्रीटच्या तळ-भिंतींना, खाली दाबून धरत असते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल अशा साध्या घरगुती तलावात सुमारे ४५ हजार लिटर, म्हणजे ४५ टन पाणी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते. जमिनीतले पाणी तलावाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूपेक्षा ६० सेंटिमीटर वर असेल, तर ते स्लॅबला दर चौरस मीटरमागे ६०० किलोच्या जोराने वर ढकलते. १५ सेंटिमीटर जाडीच्या आरसीसी स्लॅबचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास असते. बाकीचा जोर आतले पाणी दाबून ठेवते. तेच काढून घेतले तर टाकी भिंतींच्या वजनावर आणि बाजूच्या मातीच्या पकडीवर तगते. बहुतेक वेळा ती तगते, पण बाहेरचे पाणी मिळेल त्या वाटेने आत शिरू पाहते: भिंत आणि तळ यांच्या सांध्यातून, मेन ड्रेनच्या कडेने, पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथून. ते टाइलच्या पाठीमागे येऊन थांबते आणि टाइलला पुढे लोटते. सकाळी चार टाइल्स सुटलेल्या तलावात संध्याकाळी चाळीस सुटलेल्या सापडतात त्या यामुळेच. टाकी खरोखर उचलली गेली तर कोपिंग (तलावाच्या काठावर बसवलेली फरशीची पट्टी) फाटते, पाइप तुटतात, आणि मग विषय टाइल्सच्या दुरुस्तीपुरता राहत नाही.

कोकणपट्टीत आवारातल्या विहिरीत डोकावले तरी अंदाज येतो. विहिरीतली पाण्याची पातळी तलावाच्या स्लॅबपेक्षा निदान अर्धा मीटर खाली उतरल्याशिवाय तलाव उपसू नये. लोणावळा, पाचगणीसारख्या उताराच्या जागी विहिरीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण मुरमाच्या खाली कातळ लागतो आणि पाणी त्या कातळावरून आडवे वाहत असते. तिथे पंप रूमचा खड्डा पाहावा. खड्ड्याच्या भिंती ओलसर असतील, कोपऱ्यातून झिरप चालू असेल, तर तलावाभोवतीही तितकेच पाणी आहे असे धरून चालावे. काही तलावांच्या तळाला बाहेरचे पाणी आत घेणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो चांगला, पण बांधकामाच्या वेळी त्यात सिमेंटचा रबडा गेलेला असतो किंवा वर्षानुवर्षांच्या गाळाने तो अडकलेला असतो. तो चालतो की नाही हे पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये.

मग दिवाळीसाठी काय करावे? पाण्याच्या रेषेवरच्या, म्हणजे कडेच्या वरच्या ओळींतल्या टाइल्स आता खुशाल कराव्यात. त्यासाठी पातळी ४० सेंटिमीटर उतरवली तरी पुरते. वरच्या मापाच्या तलावात हे जेमतेम १३ हजार लिटर होते आणि टाकीत बाकीचे ३२ टन वजन राहते. तळाचे काम संक्रांतीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावे. तेव्हा जमिनीतले पाणी उतरलेले असते, ऊन सोसवते आणि भरायला पाणीही असते. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी असली तरी दोन अडचणी येतात. रिकाम्या तलावाच्या टाइल्स दुपारच्या उन्हात हात ठेववणार नाही इतक्या तापतात, टाइल आणि काँक्रीट कमी-जास्त प्रसरण पावतात आणि अर्धवट चिकटलेल्या टाइल्स सुटतात. शिवाय १० हजार लिटरचे साडेचार टँकर पुन्हा मागवावे लागतात, आणि त्याच महिन्यांत शेजारच्या वाडीत पिण्याच्या पाण्याची वाट पाहिली जात असते. हे पाणी वाचवता येते, तर ते वाचवायलाच हवे.

उपसलेले पाणी ओढ्यात किंवा भातखाचरात सोडण्याआधी तीन-चार दिवस क्लोरीन घालणे थांबवून तलाव उन्हात उघडा ठेवावा आणि टेस्ट किटमध्ये क्लोरीन शून्य आल्यावरच सोडावे.

आता टाइलकडे वळू. सुटलेली टाइल फेकून देऊ नका, आधी ती उलटी करून पाहा. दुरुस्तीचा निम्मा निर्णय तिच्या पाठीवर लिहिलेला असतो. पाठ स्वच्छ असेल, अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार माल) भिंतीवर राहिले असेल आणि त्यावर करणीच्या खाचांच्या रेघा जशाच्या तशा उभ्या दिसत असतील, तर मिस्त्रीने एका वेळी फार मोठ्या भागावर माल पसरला होता. वाऱ्याने मालावर साय धरली आणि टाइल त्या सायीवर नुसती टेकली. पाठीवर मधोमध एक आणि चार कोपऱ्यांवर चार असे गोळे चिकटलेले असतील, तर मधल्या पोकळीत पाणी साचत होते. तलाव भरलेला असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा, म्हणून काही कळत नाही. उपसल्यावर पुढचे पाणी जाते, मागचे राहते आणि टाइल फुगून सुटते. अ‍ॅडहेसिव्ह आणि त्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर दोन्ही टाइलबरोबर सोलून आले असतील, तर खालचा गिलावा धुळकट होता किंवा तो थर पुरता वाळण्याआधी टाइल लावली गेली. माल नखाने खरवडल्यावर भुसभुशीत पडत असेल, तर त्यात पाणी जास्त झाले होते किंवा ते अ‍ॅडहेसिव्ह नव्हतेच, साधे सिमेंट होते.

टाइलही तपासावी. पुसून कोरड्या केलेल्या टाइलच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब टाका. व्हिट्रिफाइड टाइलवर थेंब तसाच बसून राहतो. तिचे पाणी शोषण वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त नसते. थेंब मिनिटाभरात जिरला आणि तिथे गडद डाग पडला, तर ती बाथरूमच्या भिंतीची टाइल आहे. अशा टाइल्स १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषतात, फुगतात, त्यांची चकाकी केसासारख्या भेगांनी भरून जाते. त्या जातीची टाइल परत चिकटवण्यात मजुरी घालवू नये. सगळी ओळ बदलावी.

भेग एकाच टाइलमध्ये न थांबता सलग चार-पाच टाइल्स ओलांडून गेली असेल, तर ती काँक्रीटची भेग आहे. तिच्यावर नवी टाइल लावली तर पहिल्याच वर्षी नवी टाइलही त्याच रेषेवर फाटते. आधी भेगेत इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे इंजेक्शन देऊन घ्यावे लागते, आणि ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये.

पाणी गळते आहे का, हेही तलाव भरलेला असतानाच बघायला हवे. पायरीवर बादली ठेवा, तिच्यात तलावाच्या पातळीइतके पाणी भरा, बादलीच्या आत आणि तलावाच्या भिंतीवर खुणा करा, पंप बंद ठेवा आणि २४ तासांनी दोन्ही मोजा. उन्हाळ्यात दिवसाला ६ ते १० मिलिमीटर पाणी नुसते उडून जाते, म्हणून एकट्या तलावाच्या खुणेवरून काही ठरत नाही. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला असेल तेवढीच गळती. आपल्या मापाच्या तलावात दर मिलिमीटरला ३२ लिटर धरा.

त्यानंतर टकटक. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सुटलेल्या जागेभोवती चारही बाजूंना किमान एक मीटरपर्यंत प्रत्येक टाइल वाजवून पाहावी. भरीव टाइल ‘टक’ वाजते, पोकळ टाइल मडक्यासारखी बोलते. पोकळ टाइल्सवर मेणाच्या खडूने फुली मारत जावे. बहुतेक वेळा मालकांना चार टाइल्स दिसत असतात आणि फुल्या वीस-पंचवीस पडतात. या फुल्यांचा फोटो काढून ठेवावा. तळाचे काम जानेवारीवर टाकले तर तेव्हा तो उपयोगी पडतो.

वरचीच ओळ पुन्हा पुन्हा का सुटते, याचे उत्तर बरेचदा तलावाच्या बाहेर असते. तलावाभोवतीची फरशी, म्हणजे डेक, उन्हात तापून पसरते. तिच्यात आणि कोपिंगमध्ये १० ते १२ मिलिमीटरची सलग फट असावी लागते आणि ती लवचिक सीलंटने भरलेली असावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही फट पहिल्याच वर्षी ‘घाण साठते’ म्हणून सिमेंटने बुजवून टाकलेली असते. मग तापलेला डेक कोपिंगला ढकलतो, कोपिंग आत सरकते आणि तिच्या खालच्या ओळीतल्या टाइल्स एकामागोमाग एक सुटतात. ही फट मोकळी केल्याशिवाय त्या ओळीवर कितीही महाग माल लावा, तो टिकत नाही. ग्राइंडरने सिमेंट कापून काढावे, फट ब्रशने झाडून कोरडी करावी, तिच्यात फटीपेक्षा थोडी जाड फोमची दोरी दाबून बसवावी, कडांना प्रायमर लावावा आणि वर पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरावे. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवावी: १२ मिलिमीटरची फट असेल तर ६ मिलिमीटर. खोलवर भरले की ते ताणले जात नाही आणि कडेने सुटते. फोमची दोरी वगळली तर सीलंट खालीही चिकटते आणि दोन्हीकडे ओढता ओढता मधून फाटते. तलावाच्या आतल्या उभ्या कोपऱ्यांत आणि भिंत-तळाच्या कोपऱ्यातही कडक ग्राऊट (टाइल्समधले सांधे भरायचा माल) भरू नये. तिथे पाण्याखाली चालणारे सीलंट हवे.

तोडकामाची सुरुवात सांध्यापासून करावी. खराब टाइलच्या चारही बाजूंचे ग्राऊट आधी बारीक ब्लेडने कापून ती शेजारणींपासून वेगळी करावी, मग मधोमध फोडून मधून कडेकडे छिन्नी चालवावी. कडेपासून सुरुवात केली की छिन्नीचा दणका शेजारच्या चांगल्या टाइलला बसतो आणि कामाचा आकार वाढत जातो. जुना माल काँक्रीटपर्यंत किंवा घट्ट गिलाव्यापर्यंत काढावा. गिलावा पोकळ वाजला तर तोही काढावा. सळई गंजलेली दिसली तर तिच्याभोवतीचे काँक्रीट मागच्या बाजूपर्यंत उकरून, वायर ब्रशने गंज काढून, गंजरोधक प्रायमर लावून पॉलिमर मॉर्टरने भरावे. त्यावर दोन घटकांचे पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंग दोन हातांत, एक आडवा आणि एक उभा, असे लावावे. नव्या थराने जुन्या चांगल्या थरावर निदान १० सेंटिमीटर चढायला हवे. त्यासाठी कधीकधी कडेची एक चांगली टाइलही काढावी लागते आणि ती काढावीच.

इथे कामगारांच्या जिवाविषयी लिहिणे भाग आहे. ओल्या टाकीत ग्राइंडर चालवताना त्या वायरवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर काम सुरू करू देऊ नका. ‘पाच मिनिटांचे तर काम’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. तलावातल्या दिव्यांचा आणि पंपाचा पुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करावा. पाण्याखालचे पुष्कळसे दिवे पाण्यानेच थंड राहतात आणि कोरड्यात लावले तर जळतात. काँक्रीट आणि टाइल कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून एन-९५ मास्क आणि पाण्याचा बारीक फवारा हवा. ग्लास मोझेकच्या चकत्या फोडताना चष्मा हवा. आणि टाकीच्या तळाशी बसून कोणालाही ॲसिडने घासायला लावू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि माणूस नेमका तिच्यात बसलेला असतो.

टाइल लावताना पांढरे सिमेंट नको म्हणतो त्याचे कारण साधे आहे. ते सुकताना आकसते, त्याला लवचिकपणा नसतो, आणि व्हिट्रिफाइड टाइलची किंवा काचेची पाठ पाणी शोषत नसल्याने सिमेंटला आत मुळे धरायला जागाच मिळत नाही. पॉलिमर असलेले अ‍ॅडहेसिव्ह हवे. गोणीवर आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप ३ किंवा ४, आणि युरोपीय वर्गीकरणात सी२टीई एस१ असे लिहिलेले असावे. त्यातला ‘सी२’ म्हणजे पाण्यात बुडवून ठेवल्यावरही दर चौरस मिलिमीटरला किमान एक न्यूटन पकड, ‘टी’ म्हणजे उभ्या भिंतीवरून न घसरणारे, ‘ई’ म्हणजे साय उशिरा धरणारे, ‘एस१’ म्हणजे लवचिक. उत्पादकाने ते तलावासाठी चालते असे गोणीवर लिहिलेले असेल तरच घ्यावे. ३ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साडेचार किलोच्या आसपास लागते, म्हणजे २० किलोच्या गोणीत चार-साडेचार चौरस मीटर होतात. पाणी मोजून घालावे, कालवून झाल्यावर पाच मिनिटे तसेच ठेवून पुन्हा कालवावे आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात वरून पाणी घालून तो ‘जिवंत’ करू नये. मिस्त्री तसे करतात ते माल वाया जाऊ नये म्हणून, पण त्या घमेल्यातल्या टाइल्स हमखास सुटतात.

मोठ्या टाइलला ६ मिलिमीटर खाचेची करणी भिंतीवर फिरवावी आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यावा. टाइल दाबून, किंचित सरकवून बसवली की खाचांतली हवा निघते. दर आठ-दहा टाइल्समागे एक लगेच उचलून पाठ पाहावी. कुठेही कोरडा ठिपका दिसता कामा नये. मोझेकला ३-४ मिलिमीटरची खाच पुरते, नाहीतर माल सांध्यातून वर येतो आणि ग्राऊटला जागा उरत नाही. ग्लास मोझेकखाली अ‍ॅडहेसिव्ह पांढरेच घ्यावे. करडा माल काचेतून दिसतो आणि नवी जागा डाग पडल्यासारखी दिसते. मोझेकच्या तावाच्या पाठीला जाळी असेल तर एक तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. सकाळी चकत्या जाळीवरून सुटल्या असतील, तर तो डिंक तलावातही विरघळणार आहे. पुढून कागद लावलेले ताव तलावासाठी जास्त खात्रीचे. लावून झाल्यावर कागद भिजवून सोलता येतो आणि चकतीची सगळी पाठ मालावर टेकते.

ग्राऊटचा हिशेब मालक नेहमी कमी धरतात. २० मिलिमीटरच्या मोझेकमध्ये चौरस मीटरमागे जवळपास ९० मीटर लांबीचा सांधा असतो. चकती ४ मिलिमीटर जाड आणि सांधा २ मिलिमीटर रुंद धरला तर सुमारे १.३ किलो ग्राऊट लागते. ३० सेंटिमीटरच्या, ८ मिलिमीटर जाडीच्या टाइलला ३ मिलिमीटर सांध्यानेही पाव किलो पुरते. मोझेकला पाचपट. आणि मोझेकमध्ये पाण्याला लागून असलेला सांधाच इतका जास्त की तिथे सिमेंटचे ग्राऊट वापरणे आम्हाला पटत नाही, इपॉक्सी घ्यावे. अ‍ॅडहेसिव्ह लावल्यानंतर किमान २४ तासांनी, सांधे पूर्ण कोरडे असताना ते भरावे. रेझिन, हार्डनर आणि पावडर यांचा पूर्ण पॅक एकदम कालवावा. डोळ्यांनी निम्मे करायला गेले तर मिश्रण चिकट राहते आणि कधीच कडक होत नाही. म्हणून एक किलोचे छोटे पॅक घ्यावेत, कारण ३० अंशांच्या हवेत हातात पाऊण तासच असतो. रबरी फ्लोटने तिरके दाबून भरावे आणि पाठोपाठ दुसऱ्या माणसाने कोमट पाण्याच्या स्पंजने टाइलचा पृष्ठभाग धुवत यावा. ते राहिले तर दुसऱ्या दिवशी टाइलवर पिवळट पापुद्रा दिसतो आणि तो काढताना सांधेही उकरले जातात. लोणावळ्याला जानेवारीच्या सकाळी इपॉक्सी थंडीने घट्ट होते, फ्लोट ओढवत नाही. दहानंतर काम सुरू करावे.

एखादीच टाइल तळाशी सुटली असेल आणि उपसायची वेळ नसेल, तर दोन रंगांच्या कांडीत मिळणारी, पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी आहे. पंप बंद करून जागा वायर ब्रशने घासावी, शेवाळ्याचा अंशही ठेवू नये. हातमोजे ओले करून दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावेत, टाइलच्या पाठीवर मधे जाड आणि कडेला पातळ असा थर द्यावा आणि मधून दाबावे, म्हणजे पाणी कडेने निघून जाते. वर विटेचे वजन ठेवून २४ तास पंप चालू करू नये. उभ्या भिंतीवर मात्र पातळी उतरवून केलेले कामच बरे.

टाइल्स चांगल्या असून सांधे खचत असतील तर दोष पाण्याचा किंवा ॲसिडचा असतो. खाल्लेल्या सांध्यावरून बोट फिरवले की बारीक कागदावर फिरवल्यासारखे लागते. सिमेंट गेलेले असते आणि वाळूचे कण उघडे पडलेले असतात. दर महिन्याला ॲसिड ओतून पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर काढणे ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत आहे. तेव्हा जो फेस येतो तो त्या थराइतकाच ग्राऊटचाही असतो. तेलकट कडे खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि प्लास्टिकचा ब्रश यांनी निघते. पांढरा थर मुळात पीएच वाढल्याने बसतो, तेव्हा पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) ८० ते १२० पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम) आणि कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम ठेवावा. घाटावरच्या बोअरच्या पाण्यात कठीणपणा आधीच भरपूर असतो, तिथे थर बसण्याचीच काळजी. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मात्र मऊ, आणि पावसाळ्यात तलावात थेट पडणारे पाणी त्याहून मऊ. मऊ पाण्याला चुन्याची भूक असते आणि ती ते ग्राऊटमधून भागवते. ४५ हजार लिटर पाण्याचा कठीणपणा ५० वरून २०० वर न्यायला साधारण १० किलो कॅल्शियम क्लोराइड लागते. ते बादलीतल्या पाण्यात थोडे थोडे टाकून विरघळवावे, कारण बादली तापते, आणि तीन-चार दिवसांत मिळून तलावात घालावे. अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढवायला त्याच पाण्याला पाऊण किलो खाण्याचा सोडा पुरतो.

टीसीसीए-९० च्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्या आम्लधर्मी असतात. त्या थेट तळावर टाकल्या की गोळीभोवतीचे ग्राऊट खाल्ले जाते आणि रंग उडतो. त्या तरंगत्या डब्यातच ठेवाव्यात. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत, एका मगाने किंवा एकाच ओल्या कपाटात कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. पेट घेते, स्फोटही होतो.

काम झाल्यावर इपॉक्सीला सात दिवस द्यावेत. मग तलाव २४ तासांत पाऊण मीटरपेक्षा जास्त भरू नये, म्हणजे १.४ मीटरला दोन दिवस लागतील. टँकर रिकामा करायच्या घाईत पाइप नव्या टाइल्सवर मोकळा सोडू नका. त्याच्या तोंडाखाली गोणपाट ठेवा. पहिले दोन आठवडे पीएच आणि अल्कलिनिटी रोज मोजावी, कारण नवे सिमेंट पाण्याचा पीएच वर नेते.

शेवटी टाइल्स जपून ठेवण्याविषयी. दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ जातो तो जुन्या रंगाची टाइल शोधण्यात, आणि तीच कंपनी, तोच नंबर मिळाला तरी बॅच बदलली की छटा बदलते. तशी टाइल नाहीच मिळाली तर जवळच्या रंगाचे ठिगळ लावू नका. ती सगळी ओळ काढून वेगळ्या रंगाचा पट्टाच करा, तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो. काढलेल्या चांगल्या टाइल्स माल साफ करून ठेवाव्यात आणि नव्यांपैकी दोन पेट्या जास्तीच्या घ्याव्यात. पेटीचे खोके पंप रूमच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत विरते आणि त्यावरचा बॅच नंबर, शेड नंबर त्याच्याबरोबर जातो. म्हणून ते दोन्ही नंबर, अ‍ॅडहेसिव्ह आणि ग्राऊटचे नाव व रंग आणि कामाची तारीख पंप रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवावी.

आपले,
जलतरण तलावांची बांधणी व दुरुस्ती करणारे काही वाचक,
अलिबाग